वाढत्या अंगाचा गणवेश

आमच्या करवंदमाळावर आता औषधालाही करवंद उरलेलं नाही. मलकापूरच्या पुढं, हायवेच्या कडेला, जिथं पूर्वी शेरडं चरायची तिथं आता लिफ्टच्या इमारती आहेत, दवाखाने आहेत, जिम आहे आणि जिथं रिकामी जागा दिसेल तिथं शाळा आहे. गेल्या वर्षी आमच्या नगरसेवकांना उपनगराची स्मरणिका काढायची हुक्की आली. त्यातला शाळांच्या इतिहासाचा भाग माझ्याकडं आला, कारण माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. ज्याच्या दुकानात एवढ्या वह्या, त्याला लिहिता येतच असणार, असा आमच्याकडचा समज.

मी मन लावून लिहून दिलं. स्मरणिका हातात आली तेव्हा माझ्या मजकुराच्या जागी संस्थापकांचे फोटो होते आणि खाली बारीक अक्षरात 'संकलन : नागसेन कांबळे'. म्हणजे ते फोटो मी गोळा केले असं कुणालाही वाटावं. मला राग आला. राग आला की मी गप्प बसत नाही, म्हणून तिथं जे छापलं नाही ते इथं सांगतो. करवंदमाळाच्या शाळांचा इतिहास हा त्या फोटोतल्या फेटेवाल्यांचा नाहीच. तो माझ्या दुकानाला भिंत लावून असलेल्या स्टार टेलर्सचा आहे, म्हणजे चांदसाहेब मुलाणींचा.

चाचा मूळचे म्हसवडचे. तिकडं पाऊस नाही आणि घरात भावंडं फार, म्हणून ते सांगलीला मामूकडं शिवणकाम शिकायला गेले. येताना एक मशीन आणि मामूची मुलगी अशा दोन गोष्टी घेऊन आले. जैनबचाची अजून सांगतात की ह्या माणसाचं लक्ष मशीनवरच होतं, पण मामू म्हणाला दोन्ही न्यायचं तर ने. यावर चाचा नुसते सुईत दोरा ओवत बसतात. चाचींचं सगळं आयुष्य करवंदमाळावर गेलं, तरी कुठल्याही गोष्टीला नाक मुरडायचं झालं की त्या आपण सांगलीच्या असल्याचं काढतात. चहा असो, हळद असो, नाहीतर जावयाचं वागणं असो, सांगलीला हे चालत नाही.

चाचांना साल म्हणून एक लक्षात राहत नाही. त्यांचा इतिहास रंगांचा. 'खाकीच्या वक्ताला' म्हणजे जिल्हा परिषदेची शाळा एकटीच होती तेव्हा. ही शाळा सुरुवातीला दूध डेअरीच्या शेडमध्ये भरायची. सकाळचं दूध गेलं की कॅन बाजूला सारून गुरुजी फळा टेकवायचे. आम्हा पोरांच्या अंगाला दिवसभर दुधाचा वास यायचा आणि मांजरं वर्गात येऊन बसायची. 'आकाशीच्या वक्ताला' म्हणजे हायस्कूल आलं तेव्हा. मग हायवे रुंद झाला, प्लॉट पडले, नोकरदार माणसं राहायला आली आणि कुणाच्या तरी पार्किंगमध्ये लाल चौकड्यांची इंग्रजी बालवाडी निघाली. त्यानंतर एक मंगल कार्यालय चालेना, तर मालकानं तिथंच शाळा काढली. तिचा रंग हिरवा. तिथल्या पोरांनी दोन वर्षं 'शुभविवाह' लिहिलेल्या कमानीखाली उभं राहून प्रार्थना म्हटली. प्रत्येक रंगाचं पहिलं कापड चाचांच्या कात्रीखालून गेलं. संस्थापकांनी नारळ फोडले असतील, पण पोरांच्या अंगावर शाळा चढवली ती चाचांनी.

आणि प्रत्येक वेळी चाचांच्या दुकानात एकच वाक्य ऐकू यायचं. आई पोराला स्टुलावर उभं करायची आणि म्हणायची, "वाढत्या अंगाचं शिवा." हे सांगावं लागत नव्हतं. चाचा आधीच इतकं कापड आत दुमडून ठेवायचे की पहिलीतलं पोरगं गणवेशात शिरलं की शोधावं लागायचं. दरवर्षी जूनमध्ये एक शिवण उसवायची, थोडं कापड बाहेर काढायचं. आत राहिलेलं कापड उन्हानं विटलेलं नसायचं, त्यामुळं तिथं गडद पट्टा दिसायचा. आमच्या खाकी चड्डीवरचे पट्टे बघून कोण कितवीत आहे ते सांगता यायचं.

माझ्याबरोबर एकाच गोणपाटावर बसणाऱ्या राजवर्धनच्या चड्डीवरही असे पट्टे होते. त्याचे वडील खडी क्रशरवर डंपर चालवायचे. त्याची आई हौसाबाई एक चड्डी घेऊन चार वर्षं चाचांकडं यायची आणि चौथीत कापड संपलं तेव्हा तिनं चाचांशी भांडणही केलं होतं, की अजून थोडं आत असेल, नीट बघा. पुढं डंपर स्वतःचा झाला, मग क्रशर झाला, मग जमीन झाली, आणि राजवर्धननं करवंदमाळाच्या माथ्यावर 'गगनझेप इंटरनॅशनल स्कूल' काढलं. त्यात इंटरनॅशनल काय आहे ते मला अजून सापडलेलं नाही. एक हत्तीच्या सोंडेची घसरगुंडी आहे, ती बंगळूरहून आणली म्हणतात. एकटा असला की तो मला नागू म्हणतो, चारचौघांत मिस्टर कांबळे. मी दोन्हीला ओ देतो, कारण त्याच्या शाळेच्या वह्या माझ्याकडून जातात.

गगनझेपचा रंग मोरपंखी. हे काम मिळालं आणि स्टार टेलर्सचं रूप पालटलं. चाचांनी शेजारचा गाळा घेतला, चार मशीनं बसवली, गल्लीतल्या चार बायका कामाला आल्या. सून शाझिया काज-बटणाचं बघायला लागली. तिचा नवरा अश्फाक सांगलीला मोटारसायकलच्या शोरूममध्ये असतो, महिन्यातून दोनदा येतो. तेव्हा घर चालतं ते ह्या मोरपंखीवर, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

दोन-तीन वर्षं सुखात गेली. मग राजवर्धननं चाचांना ऑफिसात बोलावलं. मी वह्यांच्या ऑर्डरसाठी तिथंच बसलो होतो, म्हणून हे कानांनी ऐकलं. तो म्हणाला, चाचा, पुढच्या वर्षीपासून आत दुमडलेलं मार्जिन ठेवायचं नाही. गणवेश अंगाबरोबर पाहिजे, स्मार्ट दिसला पाहिजे. आखूड झालेला गणवेश शाळेत चालणार नाही असा नियमच करतोय, म्हणजे दर जूनला प्रत्येकाला नवा घ्यावा लागेल. तुमचंही काम वाढेल. प्रत्येक गणवेशामागं शाळेचाही वाटा होता, ते त्यानं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

चाचा व्हय म्हणाले. काम वाढेल म्हटल्यावर कुणीही आनंदानं येताना पेढे आणले असते. चाचा आले ते तोंड पाडून. दुकानात येऊन कात्री घेतली, ठेवली, परत घेतली. मी म्हटलं, चाचा, झालं काय? चार तागे कापड जास्त खपेल.

"नागू, बिनमार्जिनचं कापड एकच आसतंय," चाचा म्हणाले. "कफन. ज्याला आता वाढायचं न्हाई त्याचंच मापात कापायचं. शाळंत जानाऱ्या पोराला कसं कापू रं मी तसं?"

चाचींनी मात्र आतून सांगितलं की काम गेलं तर चार मशीनं आणि चार बायका कुठं न्यायच्या ते आधी ठरवा, मग कफन काढा. चाची बरोबर होत्या. चाचाही बरोबर होते. अशा वेळी जे होतं तेच झालं, म्हणजे चाचांच्या डोक्यात खोडी आली.

चार दिवसांनी ते नमुन्याचा स्कर्ट आणि हाफपँट घेऊन राजवर्धनकडं गेले. दोन्हींच्या खालच्या अंगाला तीन आडव्या चुण्या घातल्या होत्या. म्हणजे कापड आडवं दुमडायचं आणि वरून बारीक टीप मारायची. तीन सरळ, उठावदार रेघा दिसत होत्या. चाचा म्हणाले, सायेब, मार्जिन काढलं, पन सपाट लय गरीब दिसतंय. ही फ्याशन हाय. पुन्यात समद्या मोठ्या शाळांत ही हाय. चाचा पुण्याला आयुष्यात एकदा गेले होते, तेही चुकीच्या एस्टीत बसल्यामुळं. पण पुण्याचं नाव घेतलं की आमच्याकडं पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही.

राजवर्धनला त्या रेघा फार आवडल्या. एवढ्या आवडल्या की त्यानं त्यांना नावं ठेवली. वरची डिसिप्लिन, मधली नॉलेज, आणि सगळ्यांत खालची, पाया म्हणून, कॅरेक्टर. माहितीपत्रकात रंगीत चित्र आलं. भिंतीवर तीन रेघा रंगवल्या. नव्या पालकांना तो स्वतः समजावून सांगायचा की आमच्याकडं मूल्यं गणवेशातच शिवलेली असतात. हे त्याचं म्हणणं अक्षरशः खरं होतं.

वर्ष गेलं, पुढचा जून आला. पहिलीतली पोरं दुसरीत गेली, उंच झाली, आणि घरोघरच्या आयांनी खालची चुणी उसवली. गणवेश पुन्हा गुडघ्याला आला. चाचांनी कुणाला काही सांगितलं नव्हतं. माप घेताना त्यांनी एवढंच केलं होतं की आईचं बोट धरल्यासारखं करून त्या चुणीवर ठेवायचं आणि म्हणायचं, "ही टीप कच्ची हाय बरं का." बाईला यापेक्षा जास्त सांगावं लागत नाही. उसवलेल्या जागी आतलं न विटलेलं कापड गडद रेघ होऊन दिसायचं, त्यामुळं लांबून बघणाऱ्याला तीन रेघा तीनच वाटायच्या. अशा रीतीनं गगनझेपची पोरं दुसरीत गेली की आधी त्यांचं कॅरेक्टर जायचं, तिसरीत नॉलेज, आणि चौथीत डिसिप्लिन. एकूण शाळांचा अनुभव बघता मला यात काही चुकीचं वाटत नाही.

गोष्ट साऱ्या माळाला माहीत होती. रिक्षावाल्यांना माहीत होती, भाजीवालीला माहीत होती. शाळेतल्या शिक्षिकांना तर होतीच, कारण त्यांची पोरं तिथंच शिकत होती. माहीत नव्हती ती एकट्या राजवर्धनला. तो गेटाशी गाडीतून उतरायचा आणि ऑफिसात शिरायचा, चुणीला हात कशाला लावेल?

त्याला दिसला तो नुसता आकडा. नवे गणवेश पहिलीतच तेवढे खपत होते. बाकीच्या वर्गांतून मागणीच नाही. आखूड गणवेश म्हणून पोरं परत पाठवावीत, तर आखूड कुणाचाच नव्हता. एक वर्ष त्यानं वाट बघितली. दुसऱ्या वर्षी त्याला काळजी वाटायला लागली, आणि खोटं कशाला बोलू, ती काळजी पोरांचीच होती. त्यानं पालकांची सभा घेतली आणि आपल्या मुलांची वाढ खुंटली आहे असं सांगितलं. डॉक्टर बोलावून शिबिर घेतलं. डॉक्टरांनी उंची, वजन सगळं बघितलं आणि पोरं छान आहेत म्हणाले. राजवर्धनचा विश्वास बसेना. त्यानं डब्यात उकडलेलं अंडं नाहीतर शेंगदाण्याचा लाडू सक्तीचा केला. महिनाभर शाळेच्या बसमधून अंड्यांचा वास येत होता.

एकदा तो चाचांकडं स्वतःच्या पँटचं माप द्यायला आला. शाळा इंटरनॅशनल असली तरी त्याच्या पँटी चाचांकडंच शिवायच्या, कारण तयार पँट त्याच्या पोटावर बसायची नाही. माप देता देता त्यानं चिंतेनं विचारलं की तुम्ही इतकी वर्षं पोरांची मापं घेताय, पोरं अशी का वाढेनात?

चाचांनी टेप गळ्यात टाकली आणि गंभीर होऊन सांगितलं की सिमेंटच्या घरात पोरं दमानं वाढत्यात. माती लागंल तसं झाड. मी भिंतीपलीकडं वह्यांच्या गठ्ठ्यात तोंड घालून बसलो होतो. राजवर्धननं मान हलवली आणि पुढच्या आठवड्यात शाळेच्या मैदानात दोन ट्रक लाल माती टाकून घेतली.

हे सगळं असंच चाललं असतं, पण चाचांच्या घरातच एक खरं बोलणारं माणूस होतं. त्यांची नात कशिश. तिनं इंग्रजी शाळेतच जायचं हा शाझियाचा हट्ट, म्हणून ती गगनझेपमध्ये. तेव्हा चौथीत. बोलायला अशी तयार की शाळेत पाहुणे आले की तिलाच पुढं करायचे. गेल्या वर्षीच्या जानेवारीतल्या स्नेहसंमेलनातही तसंच झालं. मांडव भरलेला होता. पहिल्या रांगेत पाहुणे, दुसऱ्या रांगेत हौसाबाई नातवंडासह, मागं आम्ही सगळे. चाचा-चाची नात बोलणार म्हणून नवे कपडे घालून आले होते.

कशिशनं 'अवर स्कूल' या विषयावर इंग्रजीत छान भाषण केलं. टाळ्या पडल्या. राजवर्धन खूश होऊन माइकजवळ आला आणि पाहुण्यांना दाखवावं म्हणून तिला म्हणाला, आता बेटा, ह्या तीन रेघांवर बोट ठेवून त्यांची नावं सांग.

कशिशनं खाली बघितलं. स्कर्टवर बोट फिरवलं. मग वर बघून म्हणाली, "सर, माझ्यावर आता एक पण नाही."

राजवर्धन हसला. नाही कसं, त्या काय दिसतायत, तो म्हणाला.

"त्या नुसत्या खुणा आहेत सर. कॅरेक्टर दुसरीतच उसवलं. नॉलेज तिसरीत. डिसिप्लिन यंदा जूनमध्ये दादीनं उसवलं. सगळ्यांचंच उसवतात. माझे दादाजी उसवण्यासाठीच घालतात ते."

मांडवात हशा असा उठला की पाहुण्यांनीसुद्धा रुमाल तोंडाला लावला. राजवर्धन माइक धरून तसाच उभा होता. मी त्याला गोणपाटावर बसल्यापासून ओळखतो. तो हसला नाही तेव्हाच मला कळलं की आता चाचांचं काही खरं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेचा शिपाई येऊन मोरपंखी कापडाचे सगळे तागे उचलून घेऊन गेला. सोबत निरोप, की पुढच्या वर्षापासून गणवेश सांगलीच्या एका कारखान्यातून तयार येतील, आणि शाळेच्या आवारात विकले जातील. राजवर्धन स्वतः आलाही नाही. चार मशीनं थांबली. कामाच्या बायका चार दिवस येऊन नुसत्या बसल्या, मग यायच्या थांबल्या. दुकानात मोरपंखी चिंध्यांचा ढीग तेवढा राहिला.

कशिश रडून रडून तापली. शाझिया तिला बोल लावत होती, तर चाचांनी सुनेला थांबवलं. "खरं बोलली पोरगी. त्या शाळंत कायतरी शिकली म्हनायची," ते म्हणाले, आणि नातीला मांडीवर घेऊन बसले. पण मला माहीत होतं, ते आतून मोडले होते. संध्याकाळी दुकान बंद करताना मला म्हणाले, समदे रंग माझ्या हातावरनं गेले, ह्योच एक हातातनं काढून घेतला. चाचींनीही त्या दिवसांत सांगलीचं नाव काढलं नाही. कारखाना सांगलीचा होता ना.

मे महिन्याच्या शेवटी सांगलीहून टेम्पो आला. शाळेच्या हॉलमध्ये तयार गणवेशांची विक्री सुरू झाली. सपाट, मापात, मार्जिन म्हणून बोटभर नाही, आणि अर्थात रेघाही नाहीत. भिंतीवरच्या तीन रेघा आधीच पुसून टाकल्या होत्या. राजवर्धन स्वतः उभा राहून बघत होता आणि यंदा खप उत्तम झाला म्हणून समाधानात होता. एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली नाही. पहिलीच्या पोरांच्या आया चौथीचं माप मागत होत्या.

जूनच्या पहिल्या आठवड्यात स्टार टेलर्सच्या पायरीवर रांग लागली. प्रत्येक बाईच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीतला कोरा गणवेश, आणि बोटाला धरलेलं पोरगं, ज्याच्यासारखी दोन पोरं त्या गणवेशात मावली असती. चाचा चष्म्यावरून बघत राहिले. पहिल्या बाईनं पोराला स्टुलावर उभं केलं आणि म्हणाली, "चाचा, तीन घाला. टीप कच्ची."

चाचांचे डोळे भरले. त्यांनी ते नाक शिंकरल्याचं सोंग करून पुसले, आणि कामाच्या बायकांना बोलावणी गेली. चारी मशीनं पुन्हा सुरू झाली. आता गंमत बघा, पूर्वी वर्षाला एकदा शिवायचं काम होतं, आता चुण्या घालायचंही काम आणि उसवायचंही. शिवाय हिरव्या आणि लाल चौकड्यांच्या शाळांतल्या आयाही यायला लागल्या, त्यांचेही गणवेश तयारच येत होते ना. चाचींनी पहिल्याच दिवशी सांगलीच्या कापडाला हात लावून जाहीर केलं की सांगलीला असली शिवण चालत नाही.

पण राजवर्धन काही दूधखुळा नव्हता. आता तो चुण्या ओळखायला शिकला होता. पंधरा दिवसांत शाळेची सूचना निघाली, की गणवेशात कोणताही फेरफार केलेला आढळल्यास मुलाला वर्गात बसू दिलं जाणार नाही. चुण्या काढून सोमवारी यावं. शनिवारी माळावर सगळ्यांची तोंडं उतरली. काही बाया गणवेश परत घेऊन आल्या, उसवून द्या म्हणून. चुण्या काढल्या तर पोरं चौथीच्या मापात बुडत होती, ठेवल्या तर शाळेबाहेर. आणि दुकान? ते आता दुसऱ्यांदा बंद होणार हे चाचांना दिसत होतं, आणि ह्या खेपेला परत उघडायची हिंमत त्यांच्यात नव्हती. ते माझ्यापाशी तसं बोललेही. लय झालं नागू, म्हसवडला जाऊन बसावं म्हणतो.

त्याच शनिवारी दुपारी दुकानासमोर राजवर्धनची पांढरी गाडी थांबली. गाडी तो स्वतः चालवत होता. रांगेतल्या बाया बाजूला झाल्या. मागचं दार उघडून हौसाबाई उतरल्या. एका हाताला नातू सिद्धू, राजवर्धनचा धाकटा, त्याच जूनमध्ये पहिलीत गेलेला. दुसऱ्या हातात प्लास्टिकची पिशवी. त्यांनी पिशवीतून मोरपंखी हाफपँट काढली आणि चाचांच्या टेबलावर टाकली. चौथीचं माप.

"आवं चांदभाई, ह्याला तीन घाला," त्या म्हणाल्या.

गाडीतून राजवर्धन धडपडत खाली आला. आई, हे काय चाललंय, तू तर नुसतं चाचांना भेटायचं म्हणालीस, मी कालच नोटीस काढलीय, तो म्हणत होता. सिद्धूला तो काय दहा गणवेश घेऊन देऊ शकत नव्हता का? रस्त्यावर लोक बघत होते. त्याचा चेहरा स्नेहसंमेलनात झाला होता तसा झाला.

हौसाबाईंनी त्याच्याकडं वळून बघितलं. आवाज अजिबात चढवला नाही. "चार वर्सं एका चड्डीवर काढलीस. दरसाल ह्याच पायरीवर उभी ऱ्हायली मी. तवा तुला कुनी म्हनलं का रं, तुझं क्यारेक्टर कुटं गेलं म्हनून? म्हनलं आसतं तर आज तुझी शाळा निघाली आसती का?"

राजवर्धननं माझ्याकडं बघितलं. मी वह्यांच्या दुकानदाराला शोभेल असा चेहरा करून आभाळाकडं बघत होतो. मला त्या क्षणी त्याची कीव आली, खरं सांगतो. त्याची ती खाकी चड्डी मला स्पष्ट आठवत होती, आणि त्यालाही आठवत असणार, कारण त्यानं मान खाली घातली ती स्वतःच्या गुडघ्यांकडं बघत.

चाचांनी एवढ्या वेळात सिद्धूला स्टुलावर उभं केलं होतं. टेप लावली, खडूनं खुणा केल्या. मग वाकलेले ते सरळ झाले तेव्हा राजवर्धन त्यांच्यासमोरच उभा होता, आणि चाचांची नजर सवयीनं त्याच्या पँटवर गेली. पोटावर बटण असं ताणलं होतं की आता तुटेल की मग तुटेल. पोरांच्या मार्जिनमागं लागलेल्या माणसाचं स्वतःचं अंग गेल्या वर्षात दोन्ही बाजूंनी वाढलं होतं. चाचांच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी ती जुनी खोडी दिसली.

"सायेब," ते हळूच म्हणाले, "तुमच्याबी प्यांटीत मागं तीन बोटं ठिवल्यात मी. सोडू का?"

बायांच्या रांगेत कुणाला तरी खोकला आला. राजवर्धननं आईकडं बघितलं, रांगेकडं बघितलं, आणि पोटावरच्या बटणाकडं. मग त्याला हसू आलं. आधी ओठांच्या कोपऱ्यात, मग पोटातून, आणि हसण्याच्या त्या हिसक्यात बटण खरंच तुटून माझ्या दुकानासमोर येऊन पडलं.

"सोडा," तो म्हणाला.

त्याला आतल्या गाळ्यात पडद्यामागं चाचांची लुंगी नेसवून बसवलं. चाचींनी चहा दिला आणि शिवण उसवायला घेतली. सोमवारी पोरं चुण्यांसकट शाळेत गेली, आणि त्या नोटिशीबद्दल पुन्हा कुणी बोललं नाही. सांगलीच्या कारखान्याचा टेम्पो यंदा आला नाही. मोरपंखी तागे परत स्टार टेलर्समध्ये आले आहेत. ते पोचवायला राजवर्धन स्वतः आला होता. जाता जाता म्हणाला, चाचा, चुण्या घाला, पण ह्या वेळी त्यांना नावं नकोत.

"नावं तुमीच ठिवल्ती सायेब," चाचा म्हणाले. "आमच्यात त्यास्नी नुसतं पयली, दुसरी, तिसरी म्हंत्यात."